ओकारी सोसायची नाही, आधीच अडवायची



गेल्या महिन्यात वाशीम जिल्ह्यातून, मंगरुळपीरकडच्या एका खेड्यातून आम्हाला एक पत्र आले. लिहिणारी भगिनी शेतमजूर आहे. तिच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर केमो, म्हणजे सलाईनमधून द्यायची कर्करोगाची औषधे, सुरू झाली. पहिला डोस घेऊन मायलेकी एसटीने गावी परतल्या. त्या दिवशी काहीच त्रास झाला नाही. आई रात्री अर्धी भाकरी जेवलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी दुपारी मळमळ सुरू झाली, मग उलट्या. चौथ्या दिवसापर्यंत पोटात पाण्याचा घोट राहिला नाही. आता दुसऱ्या डोसची तारीख जवळ आली आहे आणि आई म्हणते, "मले ते सलाईन आता नोको, मरन आलं तरी चालते." नातेवाइकांपैकी कोणी म्हणतात, केमो म्हणजे जहरच, उगाच छळू नका. कोणी देवऋषीचे नाव सुचवतात. मुलगी विचारते, "आम्ही काय करावे?"

आम्ही उत्तरी तिला एकच प्रश्न विचारला. दवाखान्यातून निघताना घरी घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या का? तिचे उत्तर आले. गोळ्या दिल्या होत्या. पण पहिल्या दिवशी उलटी झाली नाही म्हणून आईने त्या घेतल्याच नाहीत. पुढच्या डोसला कामी येतील म्हणून डब्यात जपून ठेवल्या. उलट्या सुरू झाल्यावर एक गोळी दिली, तीही उलटून पडली.

या माउलीला आम्ही दोष देणार नाही. आपल्या घरांत औषध हे दुखण्यावर खर्च करायचे असते. ताप उतरला की उरलेली गोळी चिमणीच्या फळीवर किंवा डब्यात जाते, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला ताप आला की ती बाहेर निघते. काटकसरीने संसार करणाऱ्या बाईची ही रीत आहे. पण केमोच्या बाबतीत हीच रीत उलटी पडते. या गोळ्या उलटी थांबवण्यासाठी नसून ती येऊच नये यासाठी असतात. बांध पावसाआधी घालावा लागतो. पाणी शेतातून वाहू लागल्यावर फावडे घेऊन धावण्यात अर्थ नसतो. हे त्या माउलीला दवाखान्यात कोणी नीट समजावून सांगितले नाही, आणि तिनेही विचारले नाही. म्हणून आजचे हे सदर.

उलटी का होते?

कारणाशिवाय कार्य घडत नाही, ही तथागतांची शिकवण. उलटीलाही कारण आहे, आणि ते भानामतीत किंवा कोणाच्या नजरेत सापडणार नाही. ते आतड्यात आणि मेंदूत आहे.

केमोची औषधे भराभर वाढणाऱ्या पेशींवर आघात करतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात, पण आतड्याच्या अस्तरातल्या पेशींनाही त्यांचा मार बसतो. त्या पेशींतून सेरोटोनिन नावाचे द्रव्य बाहेर पडते. आतड्यापासून मेंदूपर्यंत जाणारी एक मोठी नस आहे, तिच्यामार्फत मेंदूला निरोप जातो. मेंदूला वाटते की पोटात विष गेले, आणि तो ते बाहेर फेकण्याचा हुकूम सोडतो. ही पहिली लाट. ती डोस घेतल्यापासून २४ तासांत येते.

दुसरी लाट उशिरा येते, दुसऱ्या दिवसापासून साधारण पाचव्या दिवसापर्यंत. तिच्यामागे मेंदूतले 'सबस्टन्स पी' नावाचे दुसरे द्रव्य मुख्यतः काम करते. म्हणून तिला अडवणारे औषधही वेगळे लागते. त्या माउलीला गाठले ते या दुसऱ्या लाटेने. दवाखान्यात सलाईनमधून दिलेल्या औषधाने पहिली लाट अडली, म्हणून पहिला दिवस सुखाचा गेला. दुसरीला अडवणाऱ्या गोळ्या मात्र डब्यात होत्या.

तिसरा प्रकार आठवणीचा. पहिल्या डोसला ज्याचे फार हाल झाले, त्याला पुढच्या वेळी दवाखान्याचा वास आला, सलाईनचा स्टँड दिसला किंवा नुसते अकोल्याच्या गाडीत पाय ठेवला तरी मळमळू लागते. घरची माणसे म्हणतात, "अजून सुई टोचली नाही आणि हिचं नाटक सुरू." हे नाटक नव्हे. शरीर एकदा शिकले ते विसरत नाही. म्हणून सगळ्यात महत्त्वाचा असतो तो पहिला डोस. पहिल्याच वेळी उलटी अडली तर ही आठवण तयारच होत नाही.

इथे दोन गैरसमज दूर करू. उलट्या जास्त झाल्या म्हणजे औषध जास्त लागू पडले असे नाही, आणि झाल्या नाहीत म्हणजे औषध वाया गेले असेही नाही. दुसरे, उलटीवाटे रोग बाहेर पडत नाही. बाहेर पडते ते अंगातले पाणी, क्षार आणि रुग्णाची हिंमत.

सगळ्यांना सारखा त्रास होत नाही

केमो हे एकच औषध नाही. अशी पुष्कळ औषधे आहेत आणि उलटीच्या धोक्यावरून डॉक्टर त्यांचे चार गट करतात. आधी बंदोबस्त केला नाही तर पहिल्या गटात १०० पैकी ९० हून अधिक रुग्णांना उलट्या होतात. दुसऱ्या गटात ३० ते ९० जणांना, तिसऱ्यात १० ते ३० जणांना आणि चौथ्यात १० पेक्षा कमी जणांना. स्तनाच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध सायक्लोफॉस्फामाइडच्या जोडीने देतात, ती जोडी पहिल्या गटात मोडते. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात वापरले जाणारे सिसप्लॅटिनही पहिल्याच गटातले. आपल्या विदर्भात खर्रा-तंबाखूने तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण किती, हे वाचकांना सांगायला नको. म्हणून डोस सुरू होण्यापूर्वीच विचारावे, "डॉक्टरसाहेब, आमचे औषध कोणत्या गटातले? उलटीसाठी काय देणार? घरी किती दिवस घ्यायचे?" हे तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

माणसामाणसातही फरक असतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना त्रास अधिक होतो, आणि वयस्कांपेक्षा पन्नाशीच्या आतल्यांना अधिक. गरोदरपणी जिला फार ओकाऱ्या झाल्या आणि जिला गाडी लागते, तिलाही धोका जास्त. मालेगाव किंवा रिसोडहून अकोल्याला जाताना जी बाई खिडकीशी पिशवी धरून बसते, तिने हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ही क्षुल्लक गोष्ट नाही, तिच्यावरून औषध ठरते. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्यांना मात्र उलटीचा त्रास कमी होताना दिसतो. पण म्हणून कोणी पंचशील मोडायला निघू नये. त्याच दारूने कर्करोगाचा धोका वाढतो.

औषधांची साखळी

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस सिसप्लॅटिन वापरात आले तेव्हा रुग्ण दिवसभर ओकत असत. अनेकांनी त्याच भीतीने उपचार सोडले. आजही खेडोपाडी केमोविषयी जी भीती आहे, तिचे मूळ त्या काळात आहे. मागच्या शतकाच्या नव्वदीच्या दशकात ऑन्डॅन्सेट्रॉन आले. ते सेरोटोनिनचा निरोप अडवते. ग्रॅनिसेट्रॉन आणि पॅलोनोसेट्रॉन त्याचेच भाऊबंद. २००३ मध्ये ॲप्रेपिटंट आले, ते 'सबस्टन्स पी'ची वाट अडवते. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड या दोघांच्या जोडीला देतात. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवून दिले की या तिघांत ओलान्झापिन मिळवले तर मळमळही बरीच कमी होते. पहिल्या गटाच्या केमोसाठी आज ही चार औषधांची साखळी मानली जाते. साखळीतली एक कडी काढली की ती कमजोर होते.

पुढचे काम आपल्या महाराष्ट्रात झाले. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ पासून उभे आहे आणि आपल्या भागातलेही कितीतरी रुग्ण तिथे जातात. ओलान्झापिनचा नेहमीचा डोस १० मिलिग्रॅमचा. त्याने उलटी अडते, पण झोप फार येते. रुग्ण दिवसभर गुंगीत पडून राहतो, उठायला गेला तर झोक जातो. टाटाच्या डॉ. ज्योती बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की चौथा हिस्सा, म्हणजे २.५ मिलिग्रॅम, दिला तर भागेल का? २०२१ ते २०२३ या काळात पहिल्या गटाची केमो घेणाऱ्या २६७ रुग्णांवर त्यांनी हा अभ्यास केला. त्यांपैकी १०० तल्या ९० हून अधिक जणी स्तनाच्या कर्करोगाच्या होत्या. निष्कर्ष २०२४ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. उलटी नाही, जास्तीचे औषध नाही आणि मळमळ नाही किंवा नावापुरती, अशी पूर्ण सुटका पाच दिवस मिळाली ती लहान डोसवाल्यांत १०० पैकी ४५ जणांना आणि मोठ्या डोसवाल्यांत ४४ जणांना. म्हणजे गुण बरोबरीचा. पण पहिल्या दिवशी भारी गुंगी आली ती मोठ्या डोसवाल्यांत १०० पैकी ४० जणांना आणि लहान डोसवाल्यांत फक्त ५ जणांना.

आपल्या घरांसाठी या आकड्यांचा अर्थ मोठा आहे. जिच्या घरी लहान लेकरे आहेत, जिला रात्री एकटीने अंगणापलीकडच्या संडासात जावे लागते, तिला गुंगी परवडत नाही. गुंगीच्या भीतीने गोळी टाकून देण्याऐवजी तिने डॉक्टरांना विचारावे, "कमी डोस चालेल का?" या आकड्यांतून दुसरीही एक गोष्ट कळते. चारही औषधे दिली तरी निम्म्याहून अधिक रुग्णांना थोडाफार त्रास उरतोच. म्हणून उरलेला त्रास सांगावा लागतो. सांगितला की औषध बदलता येते, वाढवता येते.

एक इशारा. ओलान्झापिन हे मानसिक आजारांतही वापरतात. औषधाच्या दुकानात कोणी म्हणाले किंवा शिकलेल्या मुलाने मोबाईलवर वाचले की घरात गोंधळ उडतो, "आमच्या माणसाला वेड्याची गोळी दिली!" तसे काही नाही. तीच गोळी इथे उलटीसाठी दिलेली असते. आणि मानसिक आजाराची गोळी घेण्यातही लाज बाळगण्यासारखे काही नाही.

प्रत्येक औषधाचे उपद्रव माहीत असावेत. डेक्सामेथासोनने रक्तातली साखर वाढते, म्हणून मधुमेह असेल तर आधीच सांगावे. ही गोळी सकाळी खाऊन घ्यावी, रात्री घेतली तर झोप उडते. ऑन्डॅन्सेट्रॉनने डोके दुखते आणि शौचाला खडा होतो. शौच अडले की पुन्हा मळमळ वाढते, आणि मग दोष केमोला मिळतो. मेटोक्लोप्रमाइड दिले असेल आणि मान आखडली, डोळे वर ओढले गेले किंवा फार अस्वस्थ वाटू लागले तर लगेच दवाखान्यात कळवावे. यांतली कोणतीही गोळी मनाने सुरू करू नये, मनाने बंदही करू नये. हे सदर डॉक्टरांची जागा घेत नाही, डॉक्टरांशी बोलायचे धैर्य द्यावे एवढाच आमचा हेतू आहे.

घरच्यांनी काय करावे?

गोळ्यांचा कागद चुलीजवळच्या भिंतीला लावावा. ज्या मुलाला वाचता येते त्याच्याकडे हे काम सोपवावे. गोळी दिली की खूण करावी. उलटी होवो न होवो, सांगितलेल्या दिवसांपर्यंत गोळी द्यायची. गोळी उलटून पडली तर दवाखान्यात फोन करून विचारावे.

डोसच्या दिवशी पोट अगदी रिकामे नको आणि भरगच्चही नको. पुढचे चार-पाच दिवस दोन वेळच्या मोठ्या जेवणाऐवजी दोन-दोन तासांनी थोडे थोडे द्यावे. मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ज्वारीच्या कण्या, दूध-भाकरीचा काला, उकडलेले अंडे, जे आवडेल ते. सकाळी उठल्या उठल्या मळमळ होत असेल तर अंथरुणातच मूठभर मुरमुरे किंवा एखादा टोस्ट कोरडा खावा. तळलेले, तिखट आणि तेलकट टाळावे. फोडणीचा, सुक्या मासळीचा किंवा मटणाचा वास रुग्णाच्या नाकात जाऊ देऊ नये. गरम अन्नाचा वास जास्त येतो, म्हणून जरा निवलेले द्यावे. एकखोली घर असेल तर स्वयंपाकाच्या वेळी रुग्णाला ओट्यावर किंवा शेजारच्या घरी बसवावे.

मायेने एक चूक होते. डोसच्या दिवशी आईला तिच्या आवडीची पुरणपोळी किंवा मटण-भाकर करून घालतात. त्याच दिवशी उलटी झाली तर त्या पदार्थाचीच शिसारी बसते, ती पुढे बरेच महिने जात नाही. आवडीचा पदार्थ बरे वाटेल त्या दिवसासाठी राखावा.

पाणी घोटाघोटाने प्यावे. उलटी झाली तर जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या मापाने पाण्यात घालून चमच्या-चमच्याने द्यावी. जेवणाआधी आणि उलटीनंतर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने चूळ भरावी. आल्याचा छोटा तुकडा किंवा लिंबाचा वास बरा वाटत असेल तर खुशाल घ्यावा, पण गोळीच्या जागी नव्हे. देवऋषीचा अंगारा, गावठी पुडी आणि अनोळखी काढा मात्र पोटात जाऊ देऊ नये. त्यात काय आहे हे कोणाला ठाऊक नसते आणि केमोच्या काळात यकृत व मूत्रपिंड आधीच ओझ्याखाली असतात.

डोसनंतर साधारण ४८ तास रुग्णाच्या उलटीत, लघवीत आणि शौचात औषधाचा अंश असतो. साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि नंतर साबणाने हात धुवावेत. हे काम गरोदर सुनेला सांगू नये. रुग्णाजवळ बसायला, त्याला हात लावायला, त्याच्या ताटाजवळ जेवायला मात्र काही हरकत नाही. कर्करोग असा लागत नाही. अस्पृश्यतेचे चटके ज्यांच्या आज्या-पणज्यांनी सोसले, त्यांच्या घरात आजारी माणसाचे ताट वेगळे मांडले जाऊ नये.

पुढील वेळी घरी थांबू नये, दवाखाना गाठावा : २४ तासांत पोटात पाणीही ठरत नसेल, लघवी फार कमी झाली असेल, चक्कर येत असेल, उलटीत रक्त दिसले, पोट फार दुखते किंवा फुगले आहे, डोके सारखे दुखते आणि उलट्या होतात, किंवा ताप १०० अंशांच्या वर गेला आहे. केमोच्या काळात तापाची वाट पाहायची नसते, अगदी मध्यरात्री आला तरी.

आजार जसा आहे तसा सांगणे

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही तो घेतला आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत लोळत पडला होता. सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून अंथरुणावर निजवले. मग भिक्खूंना एकत्र करून तथागतांनी सांगितले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार?

हा प्रसंग आपण विहारात पुष्कळदा ऐकतो. पण महावग्गात त्यापुढे जे येते ते सहसा सांगितले जात नाही. चांगला शुश्रूषा करणारा कोण, तर जो औषध नीट देऊ शकतो, पथ्य-अपथ्य जाणतो, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करतो आणि मलमूत्र, थुंकी व ओकारी काढताना किळस करत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत ओकारीचा शब्दशः उल्लेख आहे. आणि चांगला रुग्ण कोण, तर जो पथ्य पाळतो, औषध घेतो आणि आपला आजार जसा आहे तसा सांगतो, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच आहे तर तसाच.

आमच्या बायाबापड्यांचे इथेच चुकते. सोसणे हा बाईचा मोठा गुण, असे आपल्याला शिकवले गेले. डॉक्टर विचारतात, "कसं वाटतं?" आणि माय म्हणते, "बरं हाय." तीन दिवस पाणी पोटात राहिले नाही, तरी "बरं हाय." डॉक्टर तेच औषध पुढे चालू ठेवतात. म्हणून एक वही ठेवा. कोणत्या दिवशी मळमळ झाली, किती वेळा उलटी झाली, काय खाल्ले, गोळी कधी घेतली, एवढेच लिहा. पुढच्या डोसआधी ती वही डॉक्टरांसमोर ठेवा. तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही तरी वही बोलेल.

वाट लांब आहे, पण सोबत असावी

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा झाला तरी कर्करोगासाठी अकोला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईची वाट चुकलेली नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे काढण्याची घोषणा झाली आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात केमो मिळेल का, हे जाऊन विचारा आणि विचारत राहा. घराजवळ डोस मिळाला तर गाडीतली निम्मी मळमळ तिथेच संपेल.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपीचा समावेश आहे. योजनेच्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतात. उलटीच्या गोळ्या योजनेतून मिळतात की बाहेरून घ्याव्या लागतात, हे त्यांना स्पष्ट विचारावे. बाहेरून घ्याव्या लागल्याच तर जनऔषधी केंद्रात आधी चौकशी करावी. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी शयनयान वर्गात पूर्ण आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी दवाखान्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. वाशीम अकोला-पूर्णा मार्गावर आहे, त्याचा उपयोग करून घ्यावा. ज्याला गाडी लागते त्याने बसपेक्षा रेल्वे बरी. बसनेच जावे लागले तर पुढच्या भागात, खिडकीजवळ, समोर बघत बसावे आणि उलटीची गोळी निघण्याआधी केव्हा घ्यायची ते विचारून ठेवावे. मुंबईला जाणाऱ्यांसाठी दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कर्करोगाचे रुग्ण राहतात.

आणि विहारातल्या महिला मंडळांना आमची एक विनंती. गावात कोणाची केमो सुरू असेल तर रविवारच्या वंदनेनंतर दोघींनी त्या घरी जावे. गोळ्यांचा कागद वाचून दाखवावा. पुढच्या डोसला सोबत कोण जाणार ते ठरवावे. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत एका मुलीची मजुरी बुडते तेव्हा दुसऱ्या घरच्या बाईने एक दिवस सोबत जाणे, हे दानच आहे.

मंगरुळपीरकडच्या त्या भगिनीला आम्ही हेच लिहिले होते. आईला घेऊन जा, डॉक्टरांना सगळे जसे झाले तसे सांग, डब्यातल्या गोळ्या दाखव, लाजू नको. हे सदर छापायला देताना तिचे दुसरे पत्र आले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी औषधात एक गोळी वाढवली आणि कागदावर पाच दिवसांचे खाने आखून दिले. दुसरा डोस झाला. तिसऱ्या दिवशी मळमळ झाली, उलटी एकदाच. गोळ्या पाचही दिवस चुकवल्या नाहीत. पाचव्या दिवशी आईने स्वतःहून भाकरी मागितली, आणि तिसऱ्या डोसची तारीख कोणती तेही विचारले.

नमो बुद्धाय! जयभीम!